डोर्लेकर मॅडमची एक ओळ

आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनच्या दारावर एक कागद कायम चिकटवलेला असायचा. ‘पाच मिनिटांत येतो.’ कायम म्हणजे खरंच कायम, चिकटपट्टी पिवळी पडेपर्यंत. मुलं जर्नलवर सही घ्यायला यायची, कागद वाचायची, भिंतीला टेकून अर्धा तास, पाऊण तास उभी राहायची आणि मग कँटीनला निघून जायची. एक दिवस त्या कागदाखाली लाल पेनाने ठसठशीत अक्षरात कोणीतरी लिहिलं, ‘कुठल्या पाच? सु. डोर्लेकर, सकाळी १०.४०.’

खाली सही, सहीपुढे वेळ. सही नसती तर पोरांचा चावटपणा म्हणून खपून गेलं असतं. विभागप्रमुखांनी मॅडमना आत बोलावलं आणि आम्ही सहा-सात जणं दाराला कान लावून उभे. मॅडमचा आवाज असा होता की कान लावायची गरजच नव्हती. बाप तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान, आणि लहानपण इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलण्यात गेलेलं. त्या म्हणत होत्या, "सर, तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणत नाहीये. लिहिलंत तेव्हा खरंच असेल. पण लिहिलंत कधी, ते वाचणाऱ्याला कसं कळायचं?"

सरांनी कागद काढला. आठवड्याने दुसरा लावला. तसाच, बिनवेळेचा.

मॅडम रत्नागिरीतल्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर होत्या. अकरा वर्षं. दर जूनला नवी ऑर्डर, आणि ती येईपर्यंत मे महिनाभर त्या आहेत की नाहीत ते कोणालाच माहीत नसायचं, त्यांनाही नाही. काटक, उन्हाने रापलेल्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, आणि कपाळावर एक आठी जी हसतानासुद्धा जायची नाही. चिडक्या होत्या का? होत्या. भयंकर. पण त्यांचा राग हा बाकीच्या सरांसारखा ‘मागे कोण बोलतंय’ असला फुटकळ राग नव्हता. त्यांना राग यायचा शिळ्याचा.

मला त्यांचा पहिला तास आठवतोय. पहिल्या बाकावरच्या मयूरने झेरॉक्सच्या नोट्स काढून ठेवल्या होत्या, सीनियरच्या सीनियरच्या सीनियरने केलेल्या. मॅडमनी तो गठ्ठा उचलला, वरचं पान दोन बोटांनी असं उचललं जसा बाजारात बायका माशाचा कल्ला उचलून बघतात, लाल आहे का काळा पडलाय, आणि म्हणाल्या, "कधीच्या?"

"मॅडम, सुशांतदादाकडून घेतल्या. टॉपर होता तो."

"कोणाकडून ते मी विचारलंच नाही. कधीच्या?"

मयूरला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. "कल्ला काळा पडलाय मेल्या," मॅडम म्हणाल्या आणि गठ्ठा परत त्याच्यासमोर ठेवला. "खा, तुला पचत असेल तर." अख्खा वर्ग हसला. त्या नाही हसल्या.

हे ‘कोणाकडून नको, कधीची ते सांग’ प्रकरण मग रोजचंच झालं. परीक्षा पुढे गेली म्हणे मॅडम. कधीची बातमी? साळवी स्टॉपला झाड पडून रस्ता बंद आहे. कधी बघितलंस? त्यांच्या डब्यावर चिकटपट्टी असायची, ‘भात, सकाळी ७.’ फळ्यावरच्या आकृतीच्या कोपऱ्यात वेळ. आम्हाला वाटायचं बाईंना खूळ आहे. आम्ही नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायची, खोटं कशाला सांगू.

आता मूळ मुद्दा, नाहीतर मी अशीच वाहत जाईन.

शेवटच्या वर्षाला त्या आम्हाला मोबाईल नेटवर्क शिकवायच्या. त्यात एक धडा होता सहकारी कॅशिंगचा. पुस्तकात दोन पानांची व्याख्या, वाचून झोप येईल अशी. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि लांज्याकडच्या एका मुलीला उभं केलं. "तुमच्या वाडीत शिडी कोणाकडे?"

"तावड्यांकडे, मॅडम."

"आणि पन्नास माणसांचं तपेलं?"

"ते आमच्याकडे."

"ताडपत्री?"

"गुरवांकडे."

"मग प्रत्येक घरात शिडी, तपेलं, ताडपत्री का नाही?"

"ठेवणार कुठे मॅडम? आणि लागलं की मागून आणतोच ना."

"झालं. बस. धडा संपला," मॅडम म्हणाल्या. "फोन म्हणजे घरं. प्रत्येक फोनने सगळी माहिती साठवायची नाही, थोडी याने ठेवायची, थोडी त्याने. लागली की आधी शेजाऱ्याला विचारायचं, शेजाऱ्याकडे नसेल तरच लांबच्या टॉवरकडे जायचं. आणि टॉवर नसलाच, तर शेजारी हाच टॉवर." मग खडू खाली ठेवला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "फक्त एक. शिडी दहा वर्षांनी पण शिडीच असते. बातमी तशी नसते."

मॅडमना हे परीक्षेपुरतं शिकवायचं नव्हतं, बोटींवर लावायचं होतं. बोट किनाऱ्यापासून थोडी आत गेली की फोनची रेंज संपते. तिथून पुढे चार-पाच दिवस बोट आणि पाणी. वायरलेस सेट असतो, पण त्यावर कोणी काही सांगितलं तेव्हा तुम्ही जाळं ओढत असाल तर ते गेलं, परत वाचता येत नाही. मॅडमचं म्हणणं असं की बोटी समुद्रात एकमेकींना भेटतात, एकमेकींजवळून जातात. आज सकाळी बंदरातून सुटलेल्या बोटीच्या फोनमध्ये आजची हवामानाची बातमी असते. ती चार दिवस बाहेर असलेल्या बोटीजवळून गेली की फोनने फोनला ती देऊन टाकायची, माणसाने बटणसुद्धा दाबायला नको. मग ती बोट तिसरीला देणार. केबिनवर एक पांढरा डबा बसवायचा, अँटेना लावायची, बास.

प्रोजेक्टला कोणी तयार होईना. मी झाले, कारण मी भरभर टाईप करते आणि मला वाटलं होईल पटकन. मॅडम मला म्हणाल्या होत्या, "साळवी, तू वेगात आहेस. चुका पण वेगात करतेस." ते मला तेव्हा कौतुक वाटलं.

बंदरातल्या एका मच्छीमार सोसायटीने बावीस बोटी दिल्या. सोसायटीचं नाव लिहीत नाही, लिहायची खूप इच्छा आहे पण लिहीत नाही. बोटींवर आधी मॅडम जायच्या, मागून मी लॅपटॉप सांभाळत. सगळ्यात जुने तांडेल हसनचाचा. त्यांनी मॅडमच्या वडिलांबरोबर काम केलेलं. मॅडमनी सगळं समजावल्यावर त्यांनी डबा उलटापालटा करून बघितला.

"म्हणजे माझ्या फोनात जा हाय ता समद्यांना जाणार?"

"जाणार, चाचा."

"हवा देईन. मासा नाय देणार."

मला कळेना. मॅडम लगेच समजल्या. कुठे मासळी लागली ती जागा तांडेल सख्ख्या भावाला सांगत नाही, आणि फोनमध्ये त्या जागांच्या खुणा असतात. रात्रीपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत, तिथेच जेटीवर बसून त्यांनी मला दोन कप्पे करायला लावले. एक ‘सामायिक’, एक ‘आपलं’. आपल्यातलं काही म्हणजे काही बाहेर जाणार नाही. चाचांनी तीनदा तपासलं. मग म्हणाले, "डोर्लेकराची पोर हाय. बसवा डबा."

आणि मग ती ओळ. बातमी असायची ‘वारा कमी, समुद्र शांत’ किंवा ‘वारा वाढणार, परत फिरा’ अशी. पण स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरात बातमी नव्हती. सगळ्यात मोठ्या अक्षरात, वर, होतं ‘ही बातमी सोमवार सकाळी ६.१० ची आहे.’ मी म्हटलं, मॅडम, दिसायला वाईट दिसतंय, बातमी लहान आणि वेळ मोठी, उलटं करूया. त्या म्हणाल्या, "तुला दिसायला बघायचंय की जगायला?" वेळ मोठीच राहिली.

रंगसुद्धा होता. मी पुस्तकातल्यासारखं केलं होतं, ताजी बातमी हिरवी, जुनी झाली की लाल. चाचांनी फोन हातात घेतला आणि वैतागले. "मॅडम, ह्या पोरीने उलटा केलान. लाल म्हंजे ताजा. कल्ला लाल तर मासा ताजा." अख्ख्या जेटीने मान डोलावली. मग आमच्या ॲपमध्ये ताजी बातमी लालभडक आणि शिळी होत गेली की काळपट. जगात कुठेही असं नसेल. पण एकाही तांडेलाला काही समजवावं लागलं नाही.

मॅडमना ह्या ओळीचं एवढं का, ते मला एकदाच कळलं. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही पावसला एका बोटवाल्याकडे चाललो होतो. भाट्याच्या पुलावर वाऱ्याने स्कूटर हलायला लागली तेव्हा त्यांनी ती बाजूला घेतली आणि खाडीकडे बघत सांगितलं. त्या सातवीत होत्या. वडिलांची बोट यायच्या दिवशी आली नाही. संध्याकाळी दोन बोटी शोधायला निघणार होत्या, डिझेल भरून झालं होतं. तेवढ्यात पूर्णगडहून आलेल्या माणसाने दुकानात सांगितलं की बोट दिसली, बरी आहे. दुकानदाराने बर्फवाल्याला सांगितलं. बर्फवाल्याने घरी येऊन आजीला सांगितलं. घरात गूळ वाटला. शोधायला निघालेल्या बोटी थांबल्या.

"त्याने बोट बघितली होती," मॅडम म्हणाल्या. "परवा. परवा बघितली होती. ते कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही."

बोटीचं इंजिन काल बंद पडलं होतं. वडील आणि दोन खलाशी तिसऱ्या दिवशी जिवंत सापडले. धाकटा काका सापडलाच नाही.

"कोणी खोटं बोललं नाही गो," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले असते तर दोन कानाखाली वाजवून मोकळी झाले असते मी. सगळे खरं बोलले." आणि स्कूटर सुरू केली. 

आता जे सांगायचंय ते सांगताना मला परत राग यायला लागलाय.

सहा महिने सिस्टम छान चालली. सोसायटीच्या चेअरमनना सुरुवातीला त्यात काडीचा रस नव्हता, पण वर्तमानपत्रात दोन ओळी आल्यावर अचानक ती ‘सोसायटीची सिस्टम’ झाली. मग मुंबईहून पाहुणे बोलावले. जेटीवर मांडव, खुर्च्या, शहाळी. चार दिवसांनी परतून नुकत्याच धक्क्याला लागलेल्या एका बोटीचा फोन, नवी बातमी अजून न उतरलेला, चेअरमननी स्वतः पाहुण्यांच्या हातात दिला. स्क्रीन काळपट. वर मोठ्या अक्षरात, ‘ही बातमी काल सकाळी ६.१० ची आहे.’

पाहुणे म्हणाले, "कालची? माझ्या फोनवर तर आत्ताची आहे."

सगळे हसले. चेअरमनसुद्धा हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. मॅडम पुढे गेल्या. "साहेब, तुम्ही जेटीवर उभे आहात, डोक्यावर टॉवर आहे. तुमचा फोन घेऊन चार तास पश्चिमेला चला, मग बघू कोणाची आत्ताची ती." पाहुण्यांनी शहाळं उचललं. विषय संपला.

संपला नव्हता. पुढच्या आठवड्यात मॅडम पेपर तपासायला देवरुखला गेल्या होत्या, तेव्हा चेअरमननी मला बोलावलं. मला, मॅडमना नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

"काय गो साळवी, किती छान सिस्टम, पण ता काळा-बिळा काय? सुतक असल्यासारखा. हिरवा कर मस्त, बरोबरची खूण कर. आणि ता ‘कालची’ काढ. बातमी बोटीवर पोचली ती वेळ दाखव."

"पण मॅडम म्हणाल्या..."

"पोचली ती वेळ पण खरीच ना? खोटा कुठे सांगतोय आपण?"

मला पटलं. हे लिहायला लाज वाटतेय पण मला पटलं. खोटं नव्हतंच ते. एका ओळीचा बदल, चार मिनिटं लागली. बातमी जन्मली कधी त्याच्या जागी फोनवर आली कधी. ‘आत्ताच’, पुढे हिरवी खूण. त्यांनी मला पेढा दिला. मॅडमना मी सांगणार होते. मग नोकरीचे इंटरव्ह्यू सुरू झाले, आणि मॅडम आल्या तेव्हा चिडलेल्याच होत्या पेपरांवरून, म्हटलं नंतर सांगू.

काय झालं ते नीट सांगते. सोमवारी सकाळी बंदरात बातमी आली, समुद्र शांत. ती घेऊन एक बोट सुटली. मंगळवारी दुपारी बातमी बदलली, वारा वाढणार, परत फिरा. ही बातमी घेऊन सुटलेली दुसरी बोट हसनचाचांना संध्याकाळी भेटली. चाचांच्या फोनवर आलं, परत फिरा. चाचांनी जाळं आत घेतलं आणि बोट वळवली. बुधवारी पहाटे त्यांच्या जवळून ती सोमवारवाली बोट गेली. तिच्या फोनने इमानदारीत आपली बातमी दिली. समुद्र शांत. दोन बातम्यांतली कोणती ठेवायची ते फोन मी बदललेल्या त्याच वेळेवरून ठरवायचा. चाचांच्या फोनने बघितलं, ही आत्ताच आली, म्हणजे ही जास्त ताजी. त्याने मंगळवारची बातमी पुसली आणि सोमवारची ठेवली. हिरवी खूण. आत्ताच.

चाचांनी बोट परत फिरवली. समुद्रात.

दीड दिवसाने आले. जाळी गेली, केबिनच्या काचा गेल्या, एका खलाशाचा हात दोन ठिकाणी मोडला. सात माणसं होती, सातही आली, त्यात आमची काही अक्कल नाही, तो चाचांचा हात. ते जेटीवरून तसेच कॉलेजात आले, अंगावरचे कपडे मिठाने कडक झालेले. स्टाफरूमच्या दारात उभे राहून मॅडमपुढे फोन धरलान आणि म्हणाले, "डोर्लेकराच्या पोरी, तुझा फोन खोटा बोल्ला."

मॅडमनी फोन घेतला. बघितला. मी तिथेच होते, जर्नल घेऊन. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "मी केलं, मॅडम. चेअरमननी सांगितलं."

मला वाटलं आता वीज पडणार. त्या फक्त म्हणाल्या, "कधी केलंस?" मी तारीख सांगितली. त्यांनी लाल पेनाने तळहातावर लिहून घेतली. का केलंस, मला का नाही सांगितलंस, काही नाही. तेव्हा त्यांनी मला धुतलं असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात त्या, हसनचाचा आणि मी. समोर चेअरमन आणि दोन सभासद. चहा आला. मॅडमनी कपाला हात लावला नाही.

"मला ती ओळ परत पाहिजे," त्या म्हणाल्या. "आज."

"मॅडम, शांत व्हा. काय झाला एवढा? कोण मेला नाय ना?"

मी कधी कोणावर हात उचललेला नाही, पण तेव्हा मला टेबलावरचा पेपरवेट दिसत होता फक्त. मॅडमचा आवाज मात्र खाली आला. एवढा खाली मी तो कधीच ऐकला नव्हता. "मेलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, समुद्र आहे, चालायचंच."

"ह्या बघा, वरती रिपोर्ट गेलाय, फोटो गेलेत हिरव्या खुणेचे. आता परत काळा केला तर ते विचारतील का बदललात. पुढच्या मिटिंगला विषय घेऊ."

"मिटिंग होईपर्यंत बोटी बंद ठेवताय?"

"तसा कसा करता येईल?"

"मग पुढचा हात कोणाचा मोडायचा तेवढं मिटिंगमध्ये ठरवा." त्या उठल्या.

संध्याकाळपर्यंत सिस्टमचा पासवर्ड बदललेला होता. म्हणजे मी चार मिनिटांत जे बिघडवलं ते मला चार मिनिटांत दुरुस्त करता येईना. मी रडले. खरं सांगायचं तर रागाने रडले. विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावून सांगितलं की हा सोसायटीचा अंतर्गत मामला आहे, आपण शिक्षक माणसं, आणि जून जवळ आलाय. शेवटचं वाक्य अगदी सहज म्हटल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, "कितव्या जूनची गोष्ट करताय सर?" आणि बाहेर आल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी करू शकले नसते. मी यायच्या आधीपासूनचं धरून दोन वर्षांचं काम होतं ते त्यांचं. रविवार, सुट्ट्या, स्वतःचं पेट्रोल. त्यांनी वहीचं एक पान फाडलं, बावीस बोटींची नावं लिहिली आणि जेटीवर जाऊन बसल्या. दुरुस्त करता येत नव्हतं, पण एकेका फोनमधून ॲप काढून टाकता येत होतं. फोन तांडेलाचा, त्याला सोसायटीचा पासवर्ड लागत नाही. पण बोटी एकदम येत नाहीत. आज दोन, उद्या चार. एकदा समुद्रात सोडलेली बातमी तुम्हाला हाक मारून परत बोलावता येत नाही. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे जाऊन, हाताने, एकेक पुसावी लागते. मॅडम रोज शेवटचा तास संपला की स्कूटर घेऊन बंदरात. माशाच्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसायच्या. बोट लागली की उठायच्या, फोन मागायच्या, पुसायच्या, कागदावर नावापुढे वेळ लिहायच्या.

सगळे सहज देत नव्हते. एक तरुण तांडेल हुज्जत घालायला लागला. "मॅडम, अर्धा-मुर्धा का होईना, चालतंय ना? कायच नसल्यापेक्षा बरा."

"काहीच नसलेलं बरं," मॅडम म्हणाल्या. "काही नसलं की तू आकाशाकडे बघशील. हे असलं की ह्याच्याकडे बघशील."

तरी तो देईना. मागून हसनचाचा आले, पट्टी बांधलेला तो खलाशी बरोबर.  चाचांनी त्या खलाशाला फक्त पुढे उभं केलान, हातासकट. फोन मिळाला.

मी रोज जायचे. म्हटलं मॅडम, मी करते, तुम्ही घरी जा. नको म्हणाल्या. एकदाच जरा बोलल्या, तेही माझ्याकडे न बघता. "तू चार मिनिटं बघितलं नाहीस. मी किती आठवडे स्क्रीन बघितली नाही? आपलंच आहे म्हणून बघितली नाही." मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाल्या असं मला वाटत नाही. त्या स्वतःवर चिडलेल्या होत्या, आणि त्या रागात माझ्यासाठी जागा नव्हती.

चेअरमन तिकडे फिरकले नाहीत. सोसायटीच्या ऑफिसात आजही भिंतीवर हिरव्या खुणेचा मोठा फोटो आहे, हार घातलेला. विचारलं तर सांगतात सिस्टम चालू आहे. जूनमध्ये मॅडमची ऑर्डर आली नाही, हे मला मागाहून पुण्यात कळलं. फोन केला तर त्या उचलतात, दोन वाक्यं बोलतात, बरी आहेस ना, जेवतेस ना. कामाचं बोलत नाहीत. मी पण विचारायचं धाडस करत नाही. माझ्या कंपनीत परवा कोणीतरी म्हणालं, अगं तारीख कोण बघतं, युजरला स्वच्छ स्क्रीन आवडते. मी मिटिंगमधून उठून गेले. अजून कोणाला कळलेलं नाही का ते.

पण मला सांगायचं होतं ते त्या शेवटच्या दिवसाचं. माझी पुण्याची गाडी संध्याकाळची होती. बॅगा रिक्षात ठेवून मी बंदरात गेले. नववा दिवस होता. कागदावर एकवीस नावांपुढे वेळा होत्या. राहिली होती एक ‘जलकन्या’, इंजिनाच्या कामासाठी जयगडला अडकलेली. मॅडम क्रेटवर बसलेल्या, डोक्यावरून ओढणी, ऊन डोळ्यावर. बाजूला एक कोळीण सुकटाची टोपली झाकत होती. म्हणाली, "बाय, ती आज नाय यायची. उद्या ये."

मॅडमनी ऐकून घेतलं, पण उठल्या नाहीत. मी म्हटलं, मॅडम मी निघतेय. त्यांनी मान हलवली. डोळे पाण्यावर. मला काहीतरी बोलायचं होतं, सॉरी नाही, सॉरी किती वेळा म्हणून झालं होतं. रिक्षावाला हॉर्न देत होता.

तेवढ्यात धक्क्याच्या टोकापलीकडे निळं टोक दिसलं. सावकाश, इंजिन खोकत, ‘जलकन्या’ आत आली. कोळीण म्हणाली, "आली की गो." मॅडम उठल्या. कागद कमरेला खोचला आणि शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला लागल्या, एकेक पाऊल दाबत, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत, जिथे पाणी चपलांना लागत होतं. बोटीवरचा माणूस दोर भिरकावायला हात मागे नेत होता. त्याने दोर सोडण्याआधीच मॅडमचा तळहात उघडा पुढे होता, फोनसाठी.